नोकरी सोडण्याआधी एक पावसाळा काढून पाहा

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असं आपले वाडवडील सांगत आले. आज गावात कुणालाही विचारा, हा क्रम पार उलटा झालाय. मुलीचा बाप आधी नोकरी विचारतो, मग दुकान, आणि शेतीचा विषय शेवटी. पण गेल्या काही वर्षांत गावोगाव आणखी एक वर्ग तयार झालाय, त्याला या म्हणीत कुठंच जागा नाही. हा माणूस कुठंतरी पगारावर आहे, आणि उरलेल्या वेळात हातातल्या कसबावर चार पैसे मिळवतोय. साखर कारखान्यातला हंगामी वायरमन बिगरहंगामात जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. पतसंस्थेतला कारकून संध्याकाळी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. शाळेतला शिपाई लग्नसराईत फोटो काढतो. अंगणवाडीतली मदतनीस रात्री ब्लाउज शिवते.

या सगळ्यांच्या मनात कधी ना कधी एकच प्रश्न येतो. नोकरीवर लाथ मारून पूर्ण वेळ हेच करावं का?

हा प्रश्न पारावर निघाला की सल्ल्याला तोटा नसतो. निम्मे म्हणतात, "मर्दा, धाडस कर. किती दिवस दुसऱ्याची चाकरी करणार?" उरलेले म्हणतात, "येडा झालास काय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोस?" दोन्ही सल्ले फुकटचे. धाडस करा म्हणणारा उधारी मागायला येणार नाही, आणि नको म्हणणाऱ्यानं हिशेबाची वही उघडून बघितलेली नसते. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न छातीचा नाही, वहीचा आहे. वही बहुतेकांनी लिहिलेलीच नसते. ज्यांनी लिहिलीय, त्यांच्या वहीत सगळ्यांत मोठा खर्च मांडलेला नसतो. हे उदाहरण घेऊनच पाहू.

चार मोटारींचा हिशेब आणि दहा मोटारींचा हिशेब

आपल्या सांगली जिल्ह्यात नदीकाठी ऊस, तासगाव-मिरजेकडं द्राक्षं, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी फिरल्यावर पूर्वेकडंही ठिकठिकाणी बागायत. पाणी आलं म्हणजे मोटार आली, आणि मोटार आली म्हणजे ती जळणारच. व्होल्टेज कमी आलं, एक फेज गेला, विहिरीचं पाणी तळाला जाऊन मोटार कोरडी फिरली, बेअरिंग धरलं, अशी शंभर कारणं. म्हणून रिवाइंडिंगचं कसब ज्याच्या हातात आहे त्याला उन्हाळ्यात दम घ्यायला फुरसत नसते.

आता हा आपला हंगामी वायरमन घ्या. खालचे आकडे हिशेब समजण्यापुरते घेतलेत, ज्यानं त्यानं त्या जागी आपापले घालावेत. समजा, पाच हॉर्सपॉवरची मोटार भरून द्यायचे तो सहा हजार घेतो. त्यातले साडेतीन हजार तांब्याची तार, इन्सुलेशनचा कागद, बेअरिंग, बुश असल्या सामानाला जातात. हातात उरतात अडीच हजार. नोकरी सांभाळून तो महिन्याला चार मोटारी करतो. म्हणजे दहा हजार उरले, त्यातून दीड हजाराचं पेट्रोल वजा जाता साडेआठ हजार.

इथंच मनात गणित सुरू होतं. "चार मोटारींत साडेआठ हजार, मग पूर्ण वेळ बसून दहा केल्या तर अडीचपट, म्हणजे सव्वाएकवीस हजार! मग कारखाना कशाला पाहिजे?"

हे गणित चुकतं. का चुकतं ते पाहा. चार मोटारी तो घराच्या सोप्यात नाही तर गोठ्याच्या कडेला करत होता, जागेला भाडं नव्हतं. बोअरमधली मोटार वर काढायला धाकटा भाऊ, पोरगा हाताखाली होते, त्यांना मजुरी नव्हती. दहा मोटारींचं गिऱ्हाईक सांभाळायचं तर रस्त्याकडेला गाळा पाहिजे, तीन हजार भाडं. कायमचा एक गडी पाहिजे, आठ हजार. फिरणं वाढलं, पेट्रोल तीन हजार. लाइट, फोन, हत्यारांची झीज मिळून दीड हजार. झाले साडेपंधरा हजार. दहा मोटारींचे पंचवीस हजार उरले होते, त्यातून हे गेले की शिल्लक साडेनऊ हजार. म्हणजे नोकरी सोडून, दिवसरात्र राबून, पदरात जादा पडले ते फक्त एक हजार. आणि त्यासाठी पगार गेला तो वेगळाच.

म्हणून जोडधंद्याला अडीचनं गुणलं की पूर्ण धंदा होतो, असं नाही. तो निराळाच धंदा आहे. जोडधंद्याचा अर्धा खर्च पगार, घर आणि घरची माणसं गुपचूप उचलत असतात. तो खर्च वहीत येत नाही, म्हणून नफा फुगलेला दिसतो. नोकरी सोडली की दुसऱ्या महिन्यात हाच खर्च दारात उभा राहतो.

यावर कुणी म्हणेल, मग या धंद्यात कुणी उभंच राहिलं नसतं. तसं नाही. तालुक्याच्या गावी जे रिवाइंडिंगवाले वर्षानुवर्षं टिकलेत त्यांच्याकडं बघा. ते नुसत्या वाइंडिंगवर जगत नाहीत. स्टार्टर, पॅनल, ऑटोस्विच, केबल विकतात, बसवून देतात. मोटार काढण्या-सोडण्याची मजुरी वेगळी लावतात. गाळ्याचं भाडं आणि गड्याचा पगार या सगळ्यात मिळून निघतो. हे आधी जमवायचं आणि मग राजीनामा लिहायचा, की राजीनामा देऊन मग जमवत बसायचं, यावर सगळं ठरतं.

बलुतं गेलं, सवय राहिली

वर धरलेले साडेनऊ हजार हे सुद्धा सगळे पैसे रोख आले असं समजून धरलेत. गावात तसं होतं का? "दादा, ऊस जाऊ दे, बिल आलं की पहिलं तुझं." हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा कारागीर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

दहातल्या तीन मोटारी उधार गेल्या असं धरा. महिन्याला अठरा हजार बाहेर अडकले. मग पहिल्या महिन्यात हातात आले बेचाळीस हजार आणि गेले साडेपन्नास हजार, कारण तांब्याच्या तारेचा व्यापारी आपल्या उसाच्या बिलापर्यंत थांबत नाही. वहीत साडेनऊ हजार नफा, आणि गल्ल्यात साडेआठ हजारांची तूट. उधारी सहा महिन्यांनी वसूल होते असं धरलं तर एक लाख आठ हजार रुपये कायम गावात फिरत राहणार. नोकरी होती तोवर ही उधारी पगार सोसत होता. आता कोण सोसणार?

ही गोष्ट नुसती माणसांच्या वाईट दानतीची नाही. पूर्वी सुतार, लोहार, चांभार यांना सुगीत खळ्यावर बलुतं मिळायचं. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, जातीच्या खुंटीला माणूस बांधलेला होता, ती गेली ते बरंच झालं. पण एक होतं. वर्षभराचं काम आणि सुगीला ठरलेला वाटा, हा व्यवहार दोन्ही बाजूंना माहीत होता. आता ठरलेला वाटा गेला आणि 'पीक आल्यावर देऊ' ही सवय तेवढी मागं राहिली. आजचा कारागीर सामान रोखीनं आणतो आणि काम बलुत्याच्या तालावर करतो. यात त्याचं दिवाळं निघालं तर नवल काय?

शेतकऱ्याची बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायला हवं. कायद्यात असूनही हे व्याज मागायला शेतकऱ्याला आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्यात. बिल लांबलं की शेतकरी अडतो, शेतकरी अडला की वायरमन अडतो, शिंपी अडतो, किराणावाला अडतो. कारखान्याच्या एका उशिराची शिक्षा शेवटी सगळ्यांत खालच्याला भोगावी लागते. त्याच्यापाशी ना कायदा असतो ना संघटना.

म्हणून उधारीला एक साधा नियम सुचवतो. सामानाचे पैसे रोख, मजुरीला सवड. वरच्या उदाहरणात साडेतीन हजार मोटार टाकतानाच घ्यायचे, उरलेले अडीच हजार पाहिजे तर बिलावर ठेवायचे. यात गिऱ्हाईक तुटत नाही, कारण मोटार बंद असलेला शेतकरी साडेतीन हजार कुठूनतरी उभे करतो. आणि मजुरी बुडाली तरी कारागिराचे कष्ट बुडतात, भांडवल बुडत नाही. दुसरं, जळालेलं तांबं कुणाचं हे मोटार उघडण्याआधीच बोलून घ्यावं. मोडीचा भाव वाढलाय तेव्हापासून गावात निम्मी भांडणं त्यावरून लागतायत. तांबं ठेवून घ्यायचं असेल तर बिलात तेवढी सूट लिहावी. लिहिलेलं असलं की दोघांचीही तोंडं गोड राहतात.

पावसाळा काय सांगतो

शहरातल्या माणसाला महिना सारखा असतो. आपल्याकडं तसं नाही. या धंद्यात फेब्रुवारी ते मे तेजी असते. विहिरी खाली जातात, मोटारींवर ताण येतो. एकदा पाऊस लागला, ओढे वाहायला लागले की जून ते सप्टेंबर मोटारी बंद, गाळ्यात माश्या मारत बसायचं. महिन्याला तीन मोटारी आल्या तरी साडेसात हजार उरणार आणि भाडं, गडी, लाइट, पेट्रोल मिळून चौदा हजार जाणार. म्हणजे दरमहा साडेसहा हजार पदरचे. चार महिन्यांचे झाले सव्वीस हजार. घरखर्च महिना पंधरा हजार धरला तर त्याचे साठ हजार. म्हणजे मे महिन्याच्या शेवटी शहाऐंशी हजार बाजूला काढलेले पाहिजेत, तेही उन्हाळ्यातल्या कमाईतून. नाही तर सावकाराचं दार नाही तर बायकोच्या गळ्यातलं, हेच दोन मार्ग उरतात.

म्हणून माझं ठाम मत आहे, नोकरी सोडण्याआधी धंद्याच्या पैशावर एक पावसाळा काढून पाहा. नोकरी चालू ठेवा, पण पगार वेगळ्या खात्यात जाऊ द्या, त्याला हात लावू नका. घर चार महिने फक्त धंद्याच्या कमाईवर चालवा. भावाला, पोराला हाताखाली घेतलंत तर बाहेरच्या गड्याला दिली असती ती मजुरी वहीत लिहा. घरच्या जागेचं भाडं लिहा. स्वतःचा रोजही लिहा. एवढं करून वहीत शिल्लक दिसली आणि पगाराचं खातं तसंच राहिलं, तर देवाचं नाव घेऊन राजीनामा द्या. पगाराच्या खात्यातनं पैसे काढावे लागले तर धंदा अजून जोडधंदाच आहे, त्याला आणखी एक वर्ष द्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नोकरीबरोबर काय काय जातं तेही मोजा. भविष्यनिर्वाह निधीत आपल्या पगारातले बारा टक्के कापले जातात ते दिसतात, पण तेवढीच रक्कम मालकाकडून येते ती ध्यानात येत नाही. हंगामी कामगाराला बिगरहंगामात रिटेन्शनचा काही हिस्सा असतो, तो जातो. पगारदारांच्या सोसायटीचं कर्ज जातं, आणि बँकेत जामीन राहायला येणारे मित्रही जातात, कारण पगाराची पावती दाखवणारा माणूस आणि गाळ्यात बसलेला माणूस यांच्याकडं बँक एका नजरेनं बघत नाही. ही सगळी भरपाई धंद्यातून झाली पाहिजे. म्हातारपणासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली अटल पेन्शन योजना आहे. अठरा ते चाळीस वयात नाव घालता येतं, साठीनंतर महिना एक ते पाच हजार मिळतात. प्राप्तिकर भरणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२२ पासून तिच्यात नव्यानं जाता येत नाही. रक्कम मोठी नाही, पण शून्यापेक्षा बरी.

लक्ष्मणरावांनी काय केलं

धाडसाची गोष्ट निघाली की लोक किर्लोस्करांचं नाव घेतात. घ्यायलाच पाहिजे, किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यात आहे. पण पूर्ण गोष्ट घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीत डावललं गेलं म्हणून त्यांनी नोकरी सोडली, एवढंच आपण सांगतो. नोकरीत असतानाच भावाबरोबर बेळगावला सायकलींचा धंदा सुरू होता, मुंबईहून सायकली पाठवल्या जात होत्या, हे सांगायचं आपण विसरतो. नोकरी सोडली तेव्हा पाय टेकायला जागा आधीच तयार होती. पुढं लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. त्या दिवसांत कडबा कापायच्या यंत्रानं हात दिला. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कुंडलजवळ वाडी उभी राहिली ती यानंतर. थोर माणसानं सुद्धा एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलला नाही. धाडस होतंच, पण त्याला हिशेबाची जोड होती.

याच गोष्टीत दुसराही धडा आहे. लक्ष्मणरावांनी शेवटी नोकरी सोडलीच. वेळ आल्यावर न सोडणं हेही नुकसानच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन तेजीत, हंगामी वायरमन कारखान्यात पाळीला अडकलेला असतो आणि त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातं. दोन्ही डगरींवर हात ठेवून वर्षानुवर्षं काढली की धंदाही वाढत नाही आणि नोकरीतही मन लागत नाही. सलग वर्षभर कामं परत पाठवावी लागतायत, पावसाळा धंद्यानं तारला, उधारी महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त नाही आणि कुठल्या एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याच्या वर काम अवलंबून नाही, अशा चार खुणा दिसल्या की थांबू नये. शेवटच्या खुणेकडं विशेष बघा. नोकरी सोडून एकाच ठेकेदाराचं काम करणारा माणूस स्वतंत्र झाला असं म्हणता येत नाही. तो नोकरच राहिला, फक्त फंड आणि सुट्टी गेली.

फावला वेळ कुणाचा?

आतापर्यंत सगळा हिशेब पुरुषमाणसाचा झाला. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईचा हिशेब कुणी करतच नाही. दिवसा शेतातली भांगलण, संध्याकाळी स्वयंपाक, धारा, आणि रात्री दहानंतर मशीन. याला घरातले 'फावल्या वेळातलं काम' म्हणतात. फावला वेळ असा कुठं असतो तो जरा दाखवा. गावात तिला ब्लाउजच्या शिलाईचा भाव वाढवून मागता येत नाही, कारण गिऱ्हाईक म्हणजे शेजारीण, जाऊ, नणंद. "आपल्याच माणसाकडनं काय घेतीस?" या एका वाक्यावर निम्मी मजुरी जाते.

तिनं पूर्ण वेळ शिवणकाम करावं की नाही याचा हिशेब सोपा आहे. रानातला रोज किती पडतो आणि त्याच आठ तासांत मशीनवर किती पडतात? मशीनवर जास्त पडत असतील तर रानात मजूर लावावा आणि तिला मशीनवर बसू द्यावं. पण तसं करायचं तर घरच्यांनी त्या आठ तासांना काम म्हणायला पाहिजे. मधेच "जरा वैरण टाकून ये" म्हणता कामा नये. बँकेच्या कर्जाआधी तिला घरातून हे आठ तास मंजूर व्हायला हवेत.

योजना आणि उद्याचं वारं

पैशासाठी योजना आहेत. २०१५ पासून मुद्रा कर्ज आहे, पन्नास हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. २०२० पासून उद्यम नोंदणी आहे, ती फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटेला लावा. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत राहून-खाऊन फुकट शिक्षण मिळतं. दुरुस्तीसारख्या सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आपल्या उदाहरणातली उलाढाल तर सात लाख वीस हजार आहे. तेव्हा त्या भीतीनं कुणी मागं राहू नये. पण कर्जाबद्दल एक सांगतो. कर्ज काढून हत्यारं घ्यावीत, उधारी भागवायला कर्ज काढू नये. पहिल्याचा हप्ता हत्यार फेडतं, दुसऱ्याचा हप्ता फेडायला पुन्हा उधारीच्या दारात जावं लागतं.

धंद्याचं उद्या काय, हेही बघितलं पाहिजे. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्यानं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आणली. सौर पंपाची पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्या कंपनीकडं असते. म्हणजे जितके सौर पंप वाढतील तितकं गावातल्या रिवाइंडिंगवाल्याचं रोजचं काम कमी होणार. म्हणून आज नोकरी सोडणाऱ्यानं पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा. सौर पंपाचा कंट्रोलर, पॅनलची जोडणी शिकून घ्यावी. हमीची मुदत संपलेले पंप हळूहळू दुरुस्तीला येणारच आहेत. कंपन्यांनाही तालुक्यात हाताशी माणूस लागतो. ज्याच्या हाताला तांबं ओळखीचं आहे त्याला हे शिकायला जड नाही. पण जो 'माझ्या बापजन्मी असंच चाललंय' म्हणेल, त्याचा गाळा फार दिवस उघडा राहायचा नाही.

गावकऱ्यांना एक विनंती

हे सगळं कारागिरांना सांगितलं. आता चार शब्द तुम्हाआम्हाला, म्हणजे गिऱ्हाइकांना.

एप्रिलच्या उन्हात छाटणी झालेली बाग आणि जळालेली मोटार, यांच्यामध्ये फक्त एक माणूस उभा असतो. तो गावात असला तर मोटार दुसऱ्या दिवशी पाण्यात. तो पुण्याकडं, चाकणच्या एखाद्या कंपनीत निघून गेला तर आपण मोटार टेम्पोत टाकून तालुक्याला नेणार, तिथं पंधरा मोटारींच्या मागं नंबर लावणार, आणि तोवर फूट करपणार. त्याच्या मजुरीतले पाचशे रुपये पाडून आपण काय वाचवतो, आणि तो गेला तर काय घालवतो, याचा हिशेब एकदा मांडून बघा.

तालुक्याच्या दुकानात छापील बिल आलं की आपण मुकाट्यानं खिशात हात घालतो. तेच काम गावच्या पोरानं केलं तर "हातचंच तर काम आहे, त्यात काय पैसे?" म्हणतो. हातच्या कामाला किंमत नाही असं आपणच आपल्या पोरांना शिकवतो, आणि मग पोरं गावात राहत नाहीत म्हणून पारावर बसून हळहळतो. कसब हातात असून गाव सोडावं लागणं यासारखं दुसरं दुखणं नाही. हे दुखणं सरकारच्या योजनेनं बरं होणार नाही. ते बरं होईल वेळेवर दिलेल्या मजुरीनं.

तेव्हा कारागीर मंडळींनी येत्या पाडव्याला एक नवी वही आणावी, आणि घरचे कष्ट धरून तिच्यात सगळं लिहावं. आणि बाकीच्यांनी उसाचं बिल खात्यावर जमा झालं की पहिल्या दिवशी, सोसायटीच्याही आधी, ज्यानं उन्हाळ्यात मोटार चालू करून दिली त्याच्या गाळ्यावर जावं आणि आपलं नाव त्याच्या वहीतनं खोडून घ्यावं.